आमवात सांभाळून गेम करायला शिकताना : चल्लस आठ संगणकावर

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) म्हणतात तो, असला की सकाळी उठल्यावर तासभर, कधी दोन तास बोटं आखडलेली असतात. मूठ वळत नाही, कपाचा कान धरवत नाही आणि कीबोर्डवर टेकलेलं बोट वेळेवर उचललं जात नाही. अशा हातांनी गेम करायला, म्हणजे संगणकावर स्वतः बनवायला, शिकता येतं. मात्र कोणता गेम, कोणत्या साधनाने आणि कोणत्या क्रमाने, हे आजाराकडे बघूनच ठरवावं लागतं. ‘आधी सुरुवात तर करू, पुढचं पुढे’ हे इथे चालत नाही. निवड चुकली की मनगट बोलतं.

पहिली गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : गेम करणाऱ्याला तो गेम स्वतः शेकडो वेळा खेळावा लागतो. उड्या मारायचा, पळायचा, नेम धरायचा गेम घेतला तर प्रत्येक छोट्या बदलानंतर तीच बटणं भराभर दाबून बघायची. कोड लिहिण्यापेक्षा बोटं या तपासण्यांनीच जास्त सुजतात. म्हणून आळीपाळीने खेळायचा गेम घ्यावा : घड्याळ नसलेला, एका बोटाने खेळता येणारा, मधेच टाकून उठता येणारा.

मी चल्लस आठ घेतला. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येक भिडूच्या चार सोंगट्या. कर्नाटकात चौकाबारा आणि तेलुगू घरांत अष्टा चम्मा म्हणतात तो हाच. कवड्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून एक बाजू पांढरी करून घेतात. चित्रकाम जवळजवळ शून्य, नियम घरातल्या मोठ्यांना विचारता येतात, आणि गेम कसा वाटायला हवा हे शोधावं लागत नाही, खऱ्या पटावर चार डाव टाकले की कळतं.

साधन म्हणून गोडो, हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. फाइल उतरवायची, उघडायची. नवा प्रकल्प करताना ‘कम्पॅटिबिलिटी’ हा रेंडरर (गेम पडद्यावर रेखाटणारा भाग) निवडा. जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि पुढे ब्राउझरमध्ये गेम टाकायला तोच लागतो. कोड लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट. तिच्यात महिरपी कंस नाहीत, ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही, म्हणजे शिफ्ट धरून दुसरं बटण दाबण्याचे प्रसंग कमी. ज्यांच्या अंगठ्याचं मूळ दुखतं त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. आवृत्ती चौथीच घ्या. ती २०२३च्या मार्चमध्ये आली आणि तेव्हापासून देवनागरी जोडाक्षरं नीट दिसू लागली. तिसऱ्या आवृत्तीत ‘चल्लस’मधला ल्ल सुटा पडायचा.

शिकायला लेखी पानं बरी, व्हिडिओ नको. व्हिडिओ थांबवणं, मागे नेणं, पुन्हा चालू करणं यात दर मिनिटाला दोन-तीन क्लिक जातात, आणि थकव्याने डोकं जड असलेल्या दिवशी बोलणाऱ्याच्या वेगाशी जुळवून घेता येत नाही. गोडोच्या अधिकृत पानांवर पहिला द्विमितीय गेम पायरीपायरीने करून दाखवला आहे. त्यात बाणांच्या बटणांनी शत्रू चुकवायचे असतात. सीन (गेमचा एक देखावा), नोड (त्यातला एकेक घटक) आणि सिग्नल (काही घडलं की घटकाने दिलेला इशारा) या तीन गोष्टी समजेपर्यंतच तो करा. शत्रूंचा वेग कमीजास्त करत बसण्यात हात घालवू नका. नंतर अडलं की एफ१ दाबून मदत शोधा, ती इंटरनेटशिवाय चालते. कोडमधल्या शब्दावर कंट्रोल धरून क्लिक केलं की त्याचंच पान उघडतं.

आता कामाची वाटणी. सोपं काम आणि अवघड काम अशी वाटणी आमवातात उपयोगाची नाही. प्रत्येक कामाला दोनच प्रश्न विचारायचे : याला हात लागतात का, आणि याला डोकं लागतं का? वहीची तीन पानं करायची. पहिल्यावर डोक्याची कामं, ज्यांना हात जवळजवळ लागत नाहीत : नियम पक्के करणं, कागदी पटावर डाव टाकून वाद सोडवणं, एखाद्या चुकीचं कारण ताडणं. ही कामं फोनवर बोलून टिपता येतात. जीबोर्डला, म्हणजे गुगलच्या कीबोर्डला, मराठी बोलणं चांगलं कळतं. दुसऱ्यावर हाताची कामं, ज्यांना डोकं फारसं लागत नाही : फाइलींना नावं देणं, आवाज कापणं, रंग बदलून बघणं. तिसऱ्यावर दोन्ही लागणारी कामं, म्हणजे खरं कोड. हे पान सर्वांत लांब होतं आणि त्याला आठवड्यातले सर्वांत थोडे तास मिळतात. म्हणून तिथलं काम होईल तितकं पहिल्या पानावर ढकलायचं. तर्क आधी कागदावर पूर्ण सोडवला की टायपिंग दहा-बारा ओळींचं उरतं.

हातही नाहीत आणि डोकंही नाही, असे दिवस येणारच. त्या दिवसांसाठी चौथं पान करू नका. त्या दिवशी काम नाही.

कामाचा तुकडा २० मिनिटांचा. गजराचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. एकाच स्थितीत बसून राहिलं की गुडघे आणि मनगटं पुन्हा आखडतात, त्यावर हाच उपाय. दिवसाला जास्तीत जास्त चार तुकडे, आणि ही मर्यादा चांगल्या दिवसासाठी आहे. वाईट दिवशी शरीर आपणच थांबवतं. चांगल्या दिवशी कुणी थांबवत नाही, सलग पाच तास काम होतं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. दोन्ही मिळून हिशेब केला तर रोजच्या चार तुकड्यांपेक्षा ते कमीच भरतं.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू असेल तर आठवडा त्या गोळीच्या वाराभोवती आखावा. माझा वार शनिवार, म्हणून रविवार वहीत कोरा असतो, सोमवारी फक्त दुसरं पान आणि मंगळवार ते शुक्रवार कोड. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसराळूपणाच्या भरात रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे गोळी घेतल्याची खूण त्याच वहीत, त्या दिवसाच्या कामाशेजारी करते. वही रोज उघडली जाते, औषधांचा डबा तितका बघितला जात नाही.

प्रत्येक तुकड्याचे शेवटचे दोन मिनिट पुढच्या दिवसाच्या नोंदीला. ‘मार्गाचं काम चालू आहे’ ही नोंद नव्हे. चार दिवसांनी, धुकं भरलेल्या डोक्याने वाचून हात लावता येईल अशी हवी (यातले आकडे पुढे मार्गात कळतील) : ‘यादीतलं १६वं घर (१, ३) येतंय का बघ. (१, १) आलं तर वाय उलटा धरला आहेस.’ आणि तुकडा संपताना गेम चालला पाहिजे. एफ५ दाबून चालला नाही तर गिटने (कोडच्या जुन्या स्थिती जपणारं साधन) मागच्या चालत्या स्थितीला जायचं, अर्धवट कोड रात्रभर ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं उसळलं तर ते अर्धवट कोड दोन आठवडे तसंच पडून राहतं, आणि मग आपलंच लिहिलेलं आपल्याला परकं होतं.

हातांसाठी विंडोजमध्ये तीन गोष्टी चालू करून घ्या. स्टिकी कीज : शिफ्ट पाच वेळा दाबलं की विचारतं. मग कंट्रोल आणि एस एकत्र न धरता एकामागून एक दाबता येतात. फिल्टर कीज : आखडलेलं बोट बटणावर रेंगाळलं तरी अक्षर दहादा उमटत नाही. आणि माऊसच्या सेटिंगमधलं क्लिकलॉक, ज्याने बटण धरून न ठेवता वस्तू ओढता येते. गोडोमध्ये ओढाओढी बरीच आहे. नोड कोडमध्ये आणायला तो ओढून टाका असं बहुतेक जण शिकवतात. त्याऐवजी नोडवर उजवी क्लिक करून त्याला सीनपुरतं अनन्य नाव द्या, मग कोडमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि नाव लिहिलं की झालं. लॅपटॉप पुस्तकांवर उंच करून कीबोर्ड वेगळा जोडा, मनगट टेबलाच्या धारेवर टेकू देऊ नका.

पट चित्र म्हणून काढू नका, कोडनेच रेखाटा. माऊसने २५ चौकोन सारखे काढताना जे होतं ते सांगायला नको. एका नोडच्या ‘ड्रॉ’ फंक्शनमध्ये एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारं कोड), प्रत्येक घर १२८ पिक्सेलचं, पाच घरं मिळून ६४०. पडदा ७२० बाय १२८० उभा. फुलीची घरं, जिथे सोंगटी मारता येत नाही, पाच : चार कडांच्या मधली चार आणि मधलं एक. प्रत्येक फुली म्हणजे दोन रेषा. हे सगळं दोन तुकड्यांत होतं आणि पहिल्याच आठवड्यात पडद्यावर ओळखीचं काहीतरी दिसतं, ज्याची गरज असते.

खरी गंमत मार्गात आहे. घरांना (एक्स, वाय) असे क्रमांक द्या, डावीकडून ० ते ४ आणि वरून खाली ० ते ४. गोडोत वाय खाली वाढतो, शाळेतल्या आलेखासारखा वर नाही; पहिल्या दहा चुकांतल्या पाच इथल्या. खालच्या भिडूचं घर (२, ४). तिथून उजवीकडे, मग वर, असं घड्याळाच्या उलट बाहेरच्या १६ घरांतून फिरायचं, (१, ४)ला पोचायचं. तिथून आत (१, ३), आणि आता दिशा फिरते, घड्याळाप्रमाणे : (१, २), (१, १), (२, १), (३, १), (३, २), (३, ३), (२, ३), आणि शेवटी मधलं (२, २). सोळा, आठ आणि एक, पंचवीस. यादीत ० ते २४.

चार भिडूंसाठी चार याद्या टाइप करू नका. ते शंभर जोड्यांचं टायपिंग आहे आणि त्यात एक तरी चुकतेच. एकच यादी लिहा आणि बाकीच्या फिरवून मिळवा : (एक्स, वाय)चं (वाय, ४ वजा एक्स) करायचं. (२, ४)चं होतं (४, २), म्हणजे उजव्या भिडूचं घर. पुन्हा केलं की (२, ०), पुन्हा केलं की (०, २). कागदावर पट काढून एक सोंगटी ठेवली आणि कागदच पाव फिरवला की हे सूत्र डोळ्यांनी दिसतं. अंथरुणात पडून करायचं हे काम, पहिल्या पानावरचं.

आता दान. चारांतल्या जितक्या कवड्या उताण्या तितकं दान, चारही उताण्या चार, चारही पालथ्या आठ, आणि चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. शिकणारा इथे १ ते ८ मधला एक यादृच्छिक आकडा मागतो, आणि खेळ लगेच खोटा वाटतो. पाच, सहा, सात हे दान चल्लस आठमध्ये नसतंच. ते वगळून १, २, ३, ४, ८ यांतून सरसकट निवडलं तरी आठ दर पाच दानांत एकदा पडू लागतो. खरं म्हणजे चार वेळा ० किंवा १ मागायचा आणि बेरीज करायची, बेरीज शून्य आली तर आठ. मग दोन पडण्याची शक्यता १६त ६, एक आणि तीन १६त ४-४, चार आणि आठ १६त १-१. आठ दुर्मीळ झाला की त्याचा आनंद परत येतो. खऱ्या कवड्या दोन्ही बाजूंना सारख्या पडत नाहीत, त्यांची पाठ फुगीर असते. आपल्या घरच्या कवड्यांचा स्वभाव हवा असेल तर कुणाला तरी चार कवड्या शंभर वेळा टाकायला सांगा, ४०० निकालांतले उताणे मोजा, आणि तोच भाग कोडमध्ये वापरा.

सोंगटी मारण्याच्या नियमांवर माझे तीसच्या वर तुकडे गेले. बाकी सगळ्या गेमला मिळून शंभर. त्यातल्या दोन चुका जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतात.

एक, दोन सोंगट्या एकाच घरात आहेत का हे यादीतल्या क्रमांकावरून बघणं. तुमची सोंगटी पाचव्या क्रमांकावर, माझीही पाचव्या, पण तुमची यादी उजवीकडून सुरू होते आणि माझी खालून. घरं वेगळी. तुलना (एक्स, वाय)चीच करायची. फुलीचं घर मात्र क्रमांकावरून ओळखलेलं चालतं, कारण फिरवल्यावरही फुल्या प्रत्येकाच्या यादीत ०, ४, ८, १२ आणि २४ इथेच येतात.

दुसरी चूक शोधायला जास्त वेळ जातो. आमच्या घरच्या नियमाप्रमाणे, एकही सोंगटी मारली नसेल तर आत शिरता येत नाही, बाहेरच फेरा घ्यायचा. म्हणजे न मारलेल्याची नवी जागा १६ने भागून उरलेली बाकी. सोंगटी १४वर आहे, दान ४, बेरीज १८, बाकी २. दुसऱ्या क्रमांकाच्या घरात शत्रू बसलेला, तो मेला. आता ‘याने मारलं आहे’ ही खूण लगेच केली आणि त्यानंतर जागा पुन्हा मोजली, तर खूण असल्यामुळे १८ हे १८च राहतं आणि बाहेर मारणारी सोंगटी अचानक आतल्या चौकात उगवते. उपाय क्रमाचा : आधी जुन्या खुणेनुसार जागा मोजा, ती एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवा, सोंगटी हलवा, मग मारलं का बघा, आणि सर्वांत शेवटी खूण बदला. जागा दुसऱ्यांदा मोजूच नका.

आणखी एक चूक आमवात असलेल्यांना विशेष छळते. बटणावर एकदा टेकलं की दान दोनदा पडतं. आपण आधी आपल्याच बोटांना दोष देतो, कारण ती खरंच रेंगाळतात. पण गोडोमध्ये स्पर्शावरून माऊसची क्लिक आपोआप तयार होते, ही सोय मुळातच चालू असते. कोडमध्ये स्पर्श आणि माऊस दोन्ही ऐकत असाल तर एका टेकण्याचे दोन इशारे येतात. फक्त माऊसचा इशारा ऐका, फोनवरही तेवढा पुरतो. त्यानंतरही दोनदा पडलं तर बोटांचा विचार करा : गेमची अवस्था एका चलात ठेवा, ‘दान टाकायचं’, ‘सोंगटी निवडायची’, ‘थांबा’. दान पडताक्षणी अवस्था ‘थांबा’ करा आणि सोंगटी पोचेपर्यंत कुठलंही टेकणं ऐकू नका. सोंगटी ट्वीनने (गोडोतली हळूहळू सरकवायची सोय) एका घराला पाव सेकंद या वेगाने सरकते, म्हणजे आठाच्या दानाला दोन सेकंद. तेवढा वेळ बोटाला उचलायला पुरतो.

दान टाकायचं बटण किमान १२८ पिक्सेल उंच ठेवा. ७२० रुंदीच्या पडद्यात, साधारण फोनवर, ते १२ मिलिमीटरच्या आसपास भरतं. सोंगटी ओढायला लावू नका, टेकलं की हलली पाहिजे. चार रंगांसोबत चार आकारही द्या.

डाव प्रत्येक चालीनंतर आपोआप साठवा. साठवायचं फार नसतं : १६ सोंगट्यांच्या जागा, चार खुणा, पाळी कुणाची, पडलेलं दान. जेसन (माहिती मजकूर म्हणून साठवायची पद्धत) वापरलं तर गोडोत परत वाचताना पूर्णांक दशांशात येतात, ३चे ३.०, आणि तुलना विचित्र वागू लागतात. कॉन्फिगफाइल वापरा, ती आकड्यांचा प्रकार जपते.

ब्राउझरमध्ये टाकायला आधी एक्स्पोर्टचे साचे उतरवून घ्या, फाइल मोठी आहे, रात्री लावून झोपा. आवृत्ती ४.३ किंवा पुढची असेल तर धाग्यांचा (थ्रेड्स) पर्याय बंद ठेवा, म्हणजे साध्या सर्व्हरवरही गेम उघडतो. तयार झालेल्या एचटीएमएल फाइलवर डबल क्लिक करून काही होत नाही, तिला सर्व्हर लागतो. गोडोतल्या वरच्या पट्टीत ब्राउझरमध्ये चालवायचं बटण आहे ते वापरा. इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्या फाइली एका झिपमध्ये, मुख्य फाइलीचं नाव ‘इंडेक्स’. अँड्रॉइडचं एपीके, म्हणजे फोनवर बसवायची फाइल, पहिल्या खेपेला करू नका. जावा, एसडीके, सहीची चावी, या जुळवाजुळवीत चार-पाच दिवसांचे हात जातात आणि गेममध्ये काहीच भर पडत नाही.

ब्राउझरमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसतील. लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसत होतं, कारण तिथे गोडो संगणकातला देवनागरी फाँट उसना घेत होता. ब्राउझरमध्ये ती उसनवारी चालत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फाँट मुक्त परवान्याचा आहे. तो प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये थीमचा मूळ फाँट म्हणून द्या आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा.

कवड्यांचा आवाज शेवटी घेतला. फरशीवर टाकलेल्या कवड्या कर्कश वाजतात, लाकडी पाटावर टाकल्या की मऊ आणि ओळखीच्या. पाटावर फोन न ठेवता वीतभर लांब ठेवायचा, नाहीतर पाटाचा धक्का आवाजात ठोक्यासारखा येतो. पंखा बंद. सहा वेळा टाकून घ्या, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीची शांतता अगदी टोकापर्यंत कापा, कारण तिथे राहिलेला दशांश सेकंदही बटण उशिरा लागल्यासारखा जाणवतो. डब्ल्यूएव्हीमध्ये साठवा. सहाही तुकडे ऑडिओस्ट्रीम रँडमायझरमध्ये टाकले की दर दानाला वेगळा आवाज येतो. टाकणाऱ्याचं मनगट दुखत असेल तर कवड्या ओंजळीतून सोडल्या तरी चालतात, आवाजात फरक पडत नाही.